कॅज्युअल्टीतला कागद कोणासाठी?

जिल्हा रुग्णालयाच्या किंवा महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत अपघाताचा रुग्ण आला की पहिल्या तासाभरात त्याच्याबद्दल बरेच काही लिहिले जाते. खिडकीवर केस पेपर निघतो. प्रकरण पोलिसांचे असेल तर एमएलसी (मेडिको-लीगल केस) रजिस्टरातले रकाने भरले जातात, चौकीला कळवल्याची वेळ टाकली जाते. भरती करायचे ठरले की इनडोअर पेपर वेगळा, वॉर्डातले रजिस्टर वेगळे, एक्स-रे आणि सीटी स्कॅनचे अर्ज वेगळे, रक्तपेढीची चिठ्ठी वेगळी. रुग्ण १०८ रुग्णवाहिकेतून आला असेल तर तिथल्या डॉक्टरची नोंद आणखी निराळी. नाव, वय आणि पत्ता पाच-सहा ठिकाणी उतरतात. एवढे होऊनही ड्यूटी बदलल्यावर नव्याने आलेल्या निवासी डॉक्टरला जे हवे असते ते त्यात सापडेलच असे नाही. आला तेव्हा रक्तदाब किती होता, श्वास मिनिटाला किती होते, शुद्ध कितपत होती, पहिली सलाईन किती वाजता लावली, तोवर किती गेली, त्यानंतर नाडी सुधारली की बिघडली? मग तो सिस्टरला विचारतो, नातेवाइकांना विचारतो, घरी निघालेल्या सहकाऱ्याला फोन लावतो. उत्तर मिळाले तर ठीक. नाही मिळाले तर रुग्ण आत्ताच आला आहे असे धरून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते.

आपत्कालीन विभागातल्या नोंदींचा प्रश्न सहसा दोन तऱ्हांनी मांडला जातो. डॉक्टर पुरेसे लिहीत नाहीत, ही एक तक्रार. संगणक आला की सगळे सुरळीत होईल, ही दुसरी आशा. दोन्हींत थोडे तथ्य आहे, पण दुखणे त्याखाली आहे. हा कागद पिढ्यान्‌पिढ्या पोलीस, न्यायालय, औषध भांडार आणि मुख्यालय यांना उद्देशून लिहिला गेला. त्याच रुग्णाला पुढच्या तासात हात लावणारा डॉक्टर किंवा परिचारिका हा त्याचा पहिला वाचक कधी मानलाच गेला नाही. तो तसा मानला, तर काय लिहायचे, कोणी लिहायचे आणि कशावर लिहायचे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे बदलतात.

एमएलसीची नोंद पाहिली की हा कागद कोणाकडे तोंड करून उभा आहे ते कळते. रुग्णाच्या अंगावरच्या ओळखीच्या दोन खुणा, कोणी आणले, कुठून आणले, जखमेची लांबी-रुंदी, हत्यार धारदार की बोथट, इजा साधी की गंभीर, पोलिसांना केव्हा कळवले. हे सगळे आवश्यक आहे. गुन्ह्याच्या तपासात त्याचे मोल मोठे आहे. पण याच रुग्णाची वैद्यकीय अवस्था पुष्कळदा 'जनरल कंडिशन पुअर' आणि 'सर्जरीला कॉल दिला' अशा दोन ओळींत आटोपलेली असते. १९८९ साली परमानंद कटारा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की जखमीचा जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे आणि पोलिसी सोपस्कार त्याच्या आड येता कामा नयेत. त्या निकालाने उपचारांचा क्रम बदलला. लेखणीचा क्रम मात्र तसाच राहिला. आजही एमएलसीचा एखादा रकाना रिकामा राहिला तर जाब विचारला जातो. रक्तदाब दुसऱ्यांदा मोजल्याची नोंद नसेल तर बहुतेक ठिकाणी कोणी विचारत नाही. माणूस ज्याचा जाब विचारला जातो तेच आधी लिहितो, आणि यात त्याचा दोष काढण्यात अर्थ नाही.

या दिशेने लिहिल्या गेलेल्या नोंदींतून देश म्हणून आपल्याला काय कळते? २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. हा आकडा आपल्याला माहीत आहे, कारण तो पोलिसांच्या नोंदींतून रस्ते वाहतूक मंत्रालयाकडे जातो. यांतली किती माणसे रुग्णालयाच्या दारापर्यंत जिवंत पोचली होती, किती जणांचा श्वासमार्ग वेळेत मोकळा झाला, किती जण पोटातल्या रक्तस्रावाने शस्त्रक्रियेची वाट पाहत गेले, हे कुठल्याही राष्ट्रीय आकड्यातून कळत नाही. हे कळावे म्हणून मुंबई, दिल्ली आणि कोलकाता इथल्या चार मोठ्या सरकारी व पालिका रुग्णालयांत २०१३ ते २०१५ दरम्यान एक नोंदणी-अभ्यास झाला. टिट्को या नावाने तो ओळखला जातो. मुंबईची केईएम आणि शीव ही रुग्णालये त्यात होती. १६,००० हून अधिक जखमींची माहिती जमली. त्यातून निघालेल्या एका विश्लेषणात दाखल झालेल्यांपैकी सुमारे २१ टक्के रुग्ण ३० दिवसांच्या आत रुग्णालयातच दगावल्याचे दिसले. हा आकडा सुन्न करणारा आहेच, पण तो कसा मिळाला हेही तितकेच महत्त्वाचे. त्यासाठी प्रशिक्षित माणसे वेगळी नेमावी लागली, त्यांना पाळ्या लावून कॅज्युअल्टीत उभे करावे लागले. रोजच्या कागदांतून जे आपोआप मिळायला हवे होते, ते मिळवण्यासाठी संशोधन प्रकल्प उभारावा लागला, आणि प्रकल्प संपला की ती माणसेही गेली. पुढे २०२१ मध्ये नीती आयोगाने एम्सच्या मदतीने देशभरातल्या रुग्णालयांच्या आपत्कालीन सेवांची पाहणी प्रसिद्ध केली; मनुष्यबळ, रक्तपेढी, ट्रायाज (तातडीनुसार रुग्णांची वर्गवारी) यांच्या बरोबरीने नोंदींची दुर्दशा त्यातही ठळक होती.

सर्वांत जास्त वेळा हुकणारी मोजणी म्हणजे श्वासाची गती. भारतातल्या आणि बाहेरच्या अभ्यासांत हे वारंवार दिसले आहे. रक्तदाबाला यंत्र आहे, ऑक्सिजनला बोटाला लावायचे यंत्र आहे. श्वास मात्र पूर्ण मिनिटभर छातीकडे बघत मोजावा लागतो. रुग्ण खालावत चालला असेल तर अनेकदा पहिली खूण तिथेच दिसते. मग ही संख्या सक्तीची केली तर? अमेरिकेत टेक्सासमधल्या सहा रुग्णालयांतल्या हजारो रुग्णांच्या संगणकी नोंदी संशोधकांनी तपासल्या आणि २०१७ मध्ये निष्कर्ष मांडले. श्वासाचा रकाना भरलेला होता, पण बहुतांश रुग्णांचे श्वास मिनिटाला १८ किंवा २०. हृदयाची गती वाढली, रुग्ण अधिक आजारी झाला, तरी श्वासाचा आकडा तिथेच अडकलेला. माणसे अशी एका तालात श्वास घेत नाहीत; ते आकडे मोजलेले नव्हते. रिकाम्या रकान्यापेक्षा हा रकाना अधिक घातक, कारण रिकामी जागा निदान आपण मोजले नाही एवढे तरी खरे सांगते. रकाना भरणाऱ्याला तो आकडा कोणाच्या कामी येणार हे ठाऊक नसेल, तर सक्तीने कागद भरतो, माहिती येत नाही.

पुढच्या वाचकासाठी लिहिणे म्हणजे नेमके काय, हे सर्पदंशाच्या उदाहरणात फार स्पष्ट दिसते. घोणस किंवा फुरसे चावलेला शेतमजूर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात, तिथून ग्रामीण रुग्णालयात, तिथून जिल्हा रुग्णालयात असा तीन हातांतून जातो. रक्त गोठते आहे का हे पाहण्यासाठी कोरड्या काचेच्या नळीत ताजे रक्त घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवायचे, नंतर नळी तिरकी करून बघायचे. गोठले नसेल तर प्रतिविष (एएसव्ही) सुरू करायचे. राष्ट्रीय मार्गदर्शनानुसार पहिली मात्रा साधारण ८ ते १० व्हायलची असते आणि रक्ताची तीच चाचणी ६ तासांनी पुन्हा करून पुढचा निर्णय घ्यायचा असतो. आता जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरच्या हातात आलेल्या चिठ्ठीवर 'स्नेक बाइट, एएसव्ही दिले, पुढील उपचारांसाठी रेफर' एवढेच असेल, तर त्याने काय करायचे? किती व्हायल गेल्या, किती वाजता संपल्या, चाचणी केली होती का, प्रतिविषाची रिॲक्शन आली होती का? ६ तास कधीपासून मोजायचे? जास्त दिले तर रिॲक्शनचा धोका आणि मर्यादित साठ्याचा अपव्यय, कमी दिले तर रक्तस्राव. नाग किंवा मण्यार असेल तर पापण्या किती वाजता जड झाल्या, मान कधी लुळी पडली, हे आधीच्या डॉक्टरने लिहिलेले असणे म्हणजे श्वास केव्हा बंद पडू शकतो याचा अंदाज हाती असणे. चार ओळींचा मजकूर आहे हा. त्या चार ओळी नसल्यामुळे ग्रामीण रुग्णालयात केलेले चांगले काम वाटेतच पुसले जाते.

सर्पदंशाने भारतात दरवर्षी सरासरी ५८,००० मृत्यू होतात, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २००० ते २०१९ या काळाच्या अभ्यासाने मांडला. सरकारी रुग्णालयांतून वर जाणारे आकडे त्याच्या जवळपासही नसतात. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्राने राज्यांना सर्पदंश हा कळवणे बंधनकारक असलेला आजार करण्यास सांगितले, हे योग्यच झाले. पण आकडा वर कळवण्याचा हुकूम निघाला म्हणून चिठ्ठीवरच्या त्या चार ओळी येतील असे समजायचे कारण नाही. उलट, आणखी एक वरचा वाचक वाढला आणि शेजारचा वाचक पुन्हा मागे राहिला, असे होण्याची भीती आहे.

साध्या आरोग्य केंद्रातही रुग्णाच्या उशाशी बसून काळजीने लिहिलेली नोंद किती लांब पोचते, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांची नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचा गारठा, फुप्फुसात पाणी होण्याची लक्षणे तासागणिक टिपली. त्या निरीक्षणांवरचा त्यांचा लेख १९८२ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. लाल विंचवाच्या विषाने हृदयावर नेमका कसा ताण येतो हे त्या क्रमवार नोंदींतून उलगडले, आणि १९८० च्या दशकाच्या मध्यापासून प्राझोसिन हे साधे, स्वस्त औषध उपचारात आले. कोकणात विंचूदंशाच्या गंभीर रुग्णांतले मृत्यू पूर्वी सुमारे ३० टक्क्यांच्या घरात होते. ते १ टक्क्याच्या आसपास आले. तिथे ना संगणक होता, ना संशोधन विभाग. होते ते तासातासाला पुन्हा बघणे आणि जे दिसले ते वेळेसह लिहिणे. प्रत्येक वैद्यकीय अधिकारी बावस्कर होईल असे कोणी म्हणत नाही. पण ज्या वेळापत्रकाने त्यांना शोध लागला, त्याच वेळापत्रकाने दुसऱ्या डॉक्टरला निदान ६ तास कधी पूर्ण होतात हे कळेल.

म्हणून कॅज्युअल्टीच्या कागदाचा कणा वेळ हा असायला हवा. ओपीडीतला केस पेपर तक्रार, तपासणी, निदान, औषध अशा क्रमाने लिहिला तरी चालतो. लॉरेन्स वीड यांनी १९६८ मध्ये मांडलेली समस्यानिहाय नोंदीची पद्धतही तिथे शोभते. तातडीच्या रुग्णाचे निदान मात्र पहिल्या तासात अनेकदा नसतेच. असते ती बदलती अवस्था. तिथे वेळेचा एक स्तंभ हवा आणि त्यासमोर नाडी, रक्तदाब, श्वास, ऑक्सिजन, शुद्धीची पातळी, काय दिले, कोणी दिले. जागतिक आरोग्य संघटनेने आपत्कालीन विभागासाठी असा प्रमाणित नमुना तयार केला आहे. श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, मेंदू, उघडे अंग या क्रमाने तो जातो, जखमींसाठी वेगळा आणि इतर आजारांसाठी वेगळा. तो कागदावर छापून वापरता येतो, स्थानिक गरजेप्रमाणे बदलता येतो. खूण करायचे चौकोन आणि आकडे अधिक, वर्णन कमी. छपाईचा खर्च सोडला तर याला फारसे काही लागत नाही. एक बारीकशी पण कळीची गोष्ट अशी की भिंतीवरचे घड्याळ, मॉनिटरचे घड्याळ, रुग्णवाहिकेतले घड्याळ आणि डॉक्टरचा मोबाइल वेगवेगळी वेळ दाखवत असतील तर असा कागद स्वतःशीच विसंगत होतो. आठवड्यातून एकदा सगळी घड्याळे जुळवणे, हे कोणाच्या तरी कामाच्या यादीत असायला हवे.

नमुना कसा आखला आहे यावर तपासणाऱ्याचे लक्ष कुठे जाते ते ठरते, आणि याचा कडू अनुभव आपल्याकडे आहे. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेच्या तपासणीत कौमार्याचे अनुमान काढणारी तथाकथित 'दोन बोटांची चाचणी' कितीतरी वर्षे छापील नमुन्यांत होती. रकाना होता म्हणून ती केली जात होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ती पीडितेच्या खासगीपणाचा आणि प्रतिष्ठेचा भंग ठरवली, केंद्राने २०१४ मध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वे दिली, तरीही २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले. मुंबईतल्या सेहत या संस्थेने याच काळात दाखवून दिले की नमुना वेगळा आखला, त्यात संमती, पीडितेचे स्वतःचे शब्द आणि उपचार यांना जागा दिली, तर तपासणीच वेगळी होते. कौटुंबिक हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांसाठी तिने महापालिकेबरोबर वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू केलेल्या दिलासा केंद्राचाही धडा हाच. जळालेली, पडलेली, विष घेतलेली स्त्री कॅज्युअल्टीत येते तेव्हा 'अपघाताने' हा एक शब्द लिहून कागद मिटवायचा की घरात काय घडते याची विचारणा करणारी ओळ त्यात ठेवायची, हा नोंदीचाच प्रश्न आहे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आणि सर्वांत खरा आक्षेप वेळेचा. रात्रपाळीला एक कॅज्युअल्टी मेडिकल ऑफिसर (सीएमओ), दोन इंटर्न, एक सिस्टर आणि बाहेर रांग; कोणाचा गळा मोकळा करायचा की रकाने भरायचे? हा आक्षेप उडवून लावणाऱ्याने कॅज्युअल्टी पाहिलेली नाही. पण त्याचे उत्तर 'मग लिहू नका' हे नाही, 'लिहिणारा वेगळा द्या' हे आहे. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यातल्या पाच आपत्कालीन विभागांत डॉक्टरसोबत प्रशिक्षित लेखनिक देऊन चाचणी झाली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार डॉक्टरमागे तासाला तपासले जाणारे रुग्ण सुमारे १६ टक्क्यांनी वाढले आणि रुग्णाचा विभागातला मुक्काम मध्यकानुसार १९ मिनिटांनी घटला. जिथे डॉक्टर कमी आणि सुशिक्षित तरुण जास्त आहेत अशा महाराष्ट्रात हा हिशेब आणखी अनुकूल बसेल. विज्ञान शाखेचा पदवीधर, तीन महिन्यांचे प्रशिक्षण, प्रत्येक पाळीला एक जण. डॉक्टर बोलतो, तो वेळेसह टिपतो, डॉक्टर वाचून सही करतो. आज तेच काम इंटर्नकडून करून घेतले जाते, आणि ज्या वर्षात त्याने हात चालवायला शिकायचे ते वर्ष रक्ताच्या नळ्या पोचवण्यात आणि कागद चिकटवण्यात जाते. परिचारिकांच्या नोंदींचाही इथेच विचार करायला हवा. बहुतेक रुग्णालयांत वेळेसह लिहिलेली सर्वांत विश्वासार्ह माहिती सिस्टरच्या वहीत असते आणि डॉक्टर ती उघडत नाहीत. दोघांनी एकाच कागदावर लिहिण्याचा नियम केला तरी अर्धे काम होईल.

दुसरा आक्षेप म्हणतो, कागदाच्या सुधारणेत वेळ का घालवता, थेट डिजिटल व्हा. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २०२१ पासून देशभर आहे, १४ अंकी 'आभा' हा आरोग्य-ओळख क्रमांक आहे, ओपीडीत क्यूआर कोड स्कॅन करून नोंदणी होते. ओपीडीची रांग यामुळे हलकी झाली असेल तर त्याचे स्वागत करायला हवे. पण बेशुद्ध माणूस कोड स्कॅन करत नाही, आणि कॅज्युअल्टीत ओळख ही अनेकदा सर्वांत शेवटी मिळणारी माहिती असते. तिथल्या संगणक प्रणालीने आधी 'अनोळखी पुरुष' म्हणून क्रमांक द्यायला हवा, उपचार नोंदवायला सुरुवात करायला हवी, आणि ओळख पटल्यावर तीच नोंद नावाशी जोडायला हवी. शिवाय संगणकाचा भार अमेरिकेने आपल्या आधी भोगला आहे. २००९ च्या कायद्याने तिथे इलेक्ट्रॉनिक नोंदींना मोठे अनुदान मिळाले. २०१३ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाच्या आपत्कालीन डॉक्टरांच्या वेळेचे मोजमाप झाले, तेव्हा त्यांचा ४३ टक्के वेळ माहिती भरण्यात आणि २८ टक्के वेळ प्रत्यक्ष रुग्णासोबत जात असल्याचे आढळले. दहा तासांच्या गर्दीच्या पाळीत सुमारे ४,००० क्लिक. त्या प्रणालींची रचना बिलासाठी आणि विमा कंपनीसाठी झाली होती. पोलिसाची जागा विमा कंपनीने घेतली, पुढचा डॉक्टर तिथेही मागेच राहिला. इंग्लंडने थोडा वेगळा मार्ग धरला: २०१७ च्या ऑक्टोबरपासून तिथे आपत्कालीन विभागांसाठी एकच प्रमाणित माहितीसंच लागू झाला. यंत्र कोणाचेही असो, काय टिपायचे आणि कोणत्या संज्ञेत टिपायचे हे आधी ठरले. त्यामागे वापरलेली स्नोमेड ही वैद्यकीय संज्ञावली भारतालाही २०१४ पासून सदस्यत्वामुळे खुली आहे. क्रम असा हवा: आधी एका पानाचा नमुना कागदावर रुळू द्यावा, त्यातला कोणता रकाना खरोखर वाचला जातो ते पाहावे, नको ते काढावे, आणि मग तोच पडद्यावर आणावा. बोलणे ऐकून नोंद लिहिणारी नवी यंत्रणा याच वेळी दार ठोठावते आहे. मराठी, हिंदी आणि वैद्यकीय इंग्रजी यांची मिसळ, चार जण एकदम बोलत असलेली खोली. तिथे तिने लिहिलेली मात्रा माणसाने वाचून सही केल्याशिवाय ग्राह्य धरता येणार नाही.

तिसरा आक्षेप सहसा जाहीरपणे बोलला जात नाही, पण सर्वांत खोल आहे: जेवढे जास्त लिहाल तेवढे न्यायालयात अडकाल. या भीतीची खिल्ली उडवता येणार नाही. खटले, मारहाण, चौकश्या यांच्या छायेत हे डॉक्टर काम करतात. तरीही भीतीचा निष्कर्ष उलटा आहे. रघुनाथ रहेजा प्रकरणात १९९६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रुग्णाला किंवा नातेवाइकांना केस पेपरची प्रत मिळायला हवी असे सांगितले. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात आणि उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे त्या जपाव्या लागतात. कागद बाहेर जाणारच आहे. तेव्हा जे केले ते न लिहिलेल्या डॉक्टरकडे बचावासाठी काही उरत नाही. २०१८ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने तर जखमांचे अहवाल वाचता येत नाहीत म्हणून तीन डॉक्टरांना प्रत्येकी ५,००० रुपयांचा दंड केला. 'रात्री २.१० ला रक्त मागवले, ३.०५ ला मिळाले' ही ओळ डॉक्टरला वाचवते आणि रक्तपेढीतली उणीव उघडी करते. एमएलसी दुबळी पडेल ही शंकाही टिकत नाही: वेळेसह लिहिलेली वैद्यकीय अवस्था न्यायालयाला जखमेच्या मोजमापाइतकीच उपयोगी पडते, मृत्युपूर्व जबाब देताना रुग्ण शुद्धीत होता का, हा प्रश्न तर तिच्यावाचून सुटतच नाही. जीव वाचवताना लिहिणे राहिले तर नंतर लिहावे, पण लिहिल्याची वेळ वेगळी टाकून. खाडाखोड लपवणे गैर. उशिरा लिहिणे गैर नाही, हे प्रशासनाने लेखी सांगायला हवे.

गोपनीयतेचा मुद्दा थोडक्यात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने जिवाला धोका असलेल्या वैद्यकीय प्रसंगी संमतीविना माहिती वापरण्याला वाट ठेवली आहे. उपचार करणाऱ्याला अडथळा तिथे नाही. काळजी घ्यायची ती इतरत्र: कॅज्युअल्टीतल्या रुग्णांचे फोटो आणि केस पेपर आज व्हॉट्सॲपवरून वरिष्ठांकडे जातात, कारण दुसरी सोय नाही. सोय दिली नाही तर मनाई करून ते थांबणार नाही. मोठ्या दुर्घटनेसाठीही तयारी आधीच हवी. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावरील चेंगराचेंगरीनंतर मृतदेहांच्या कपाळावर क्रमांक लिहिले गेले आणि लोक संतापले. गोंधळ टाळणे हा हेतू होता. आधीच क्रमांक छापलेले मनगटपट्टे आणि त्याच क्रमांकाचे कोरे कागद कपाटात तयार असते, तर तो प्रसंग आला नसता.

हे सगळे टिकायचे असेल तर कोणीतरी हे कागद वाचले पाहिजेत. दर आठवड्याला काही केस पेपर चिठ्ठ्या टाकून काढावेत, सीएमओ, सिस्टर आणि निवासी डॉक्टर यांनी एकत्र बसून बघावे: या कागदावरून रुग्ण पुढे सांभाळता आला असता का? या बैठकीतून कारणे दाखवा नोटीस निघाली तर पुढच्या आठवड्यापासून सगळ्यांचे श्वास १८ होतील. निघायला हवी ती दुरुस्ती: पल्स ऑक्सिमीटर बंद आहे, नमुना संपला आहे, रात्री लेखनिक नाही. जिल्हा शल्यचिकित्सक किंवा रुग्णालयाचे अधिष्ठाता यांना हे सुरू करायला शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. लेखनिकाच्या पदांसाठी मात्र लागते, आणि अर्थसंकल्पातल्या यंत्रखरेदीच्या तुलनेत तो खर्च नगण्य आहे.

राहिला एक वाचक, ज्याचा विचार सर्वांत कमी होतो. कॅज्युअल्टीत तपासून घरी पाठवलेला रुग्ण. डोक्याला मार लागून आलेल्या माणसाला टाके घालून, धनुर्वाताचे इंजेक्शन (टीटी) देऊन सोडले जाते. हातात इंग्रजीतला, न वाचता येणारा कागद. पहिल्या २४ तासांत त्याच्यावर लक्ष ठेवणारी व्यक्ती म्हणजे त्याची बायको, आई किंवा खोलीतला सोबती. पुढची नोंद त्यांच्या हातात आहे, आणि त्यांना त्यासाठी काहीच लिहून दिलेले नसते. त्याच्या कागदावर एका बाजूला डॉक्टरसाठी तपशील हवा आणि मागच्या बाजूला मोठ्या टाइपातल्या मराठी ओळी: उलट्या वाढल्या, झोपेतून उठवता येईना, बोलणे बरळू लागले, एक हात-पाय लुळा पडला, झटका आला, नाकाकानातून पाणी किंवा रक्त आले, तर सकाळची वाट न पाहता परत आणा, येताना हा कागद आणा. खाली तपासल्याची वेळ, तेव्हाची शुद्धीची पातळी आणि कॅज्युअल्टीचा थेट फोन क्रमांक.